इरफानचे गाल फुंकून सुजले नव्हते

“मास्तर, लाईट बंद करायला सांगा ना.”

वाघोलीच्या पुढे एका लॉन्सच्या दाराशी आमचा बँड वाजत होता. नवरदेव घोड्यावर, मंडळी नाचतायत, मिरवणूक ऐन रंगात आलेली. आणि माझा पहिला ट्रम्पेट, म्हणजे ज्याच्या मागे सगळा बँड चालतो तो इरफान, गाण्याच्या मधेच वाद्य तोंडावरून काढून मला हे सांगत होता.

“लाईट बंद? मग नवरदेव काय काडी पेटवून मिरवायचा?” मी म्हणालो.

“डोळ्यांत घुसतोय मास्तर. खरंच नाही सहन होत.”

त्यानं ट्रम्पेट शेजारच्या संतोषच्या हातात दिलं. संतोषनं माऊथपीस शर्टाच्या बाहीला पुसला आणि पुढची ओळ उचलली. माऊथपीस म्हणजे ट्रम्पेटच्या टोकाची ती पितळी वाटी, जिच्यात ओठ लावून फुंकतात. चालू गाण्यात ट्रम्पेट थांबलं की बँड मेला, असं आमच्यात म्हणतात. आमच्याकडे चांगलं ट्रम्पेट एकच. एकाचा दम संपला की ते दुसऱ्याच्या तोंडाला जातं. माझ्या वस्तादाच्या काळापासून हेच चालत आलेलं आहे.

इरफान जनरेटरच्या गाडीमागे गेला आणि भडाभडा ओकला.

नवरदेवाचा मामा तरातरा माझ्याकडे आला. “मास्तर, तुमचा माणूस पिऊन आलाय.”

“आमच्यात पिऊन कुणी उभा राहत नाही,” मी म्हणालो. “तुमच्यातले न पिता किती उभे आहेत ते आधी बघा.”

मामा गेला. पण माझं लक्ष गाण्यातून उडालं ते उडालंच. हात वर करून मी बँड चालवत होतो आणि डोळे सारखे त्या जनरेटरकडे जात होते.

मी तिसरीत शाळा सोडली. लिहायला वाचायला नंतर शिकलो, तेही लग्नपत्रिका वाचून. पण बँडमास्तर म्हणून हडपसरपासून नगर रस्त्यापर्यंत मला ओळखत नाही असा मंगल कार्यालयाचा मॅनेजर नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. आहे ते आहे.

इरफान माझ्याकडे आला तो त्याच्या बापामुळे. युसूफ माझा क्लॅरिनेटवाला, माझ्या जोडीचा. तो गेला तेव्हा पोरगं मिसरूड फुटायच्या आतलं होतं. मी त्याला ट्रम्पेट शिकवलं. आता चोविशीचा झालाय. दिवसा खराडीच्या ऑफिसांत पार्सलं पोचवतो आणि लग्नसराईत संध्याकाळी माझ्याकडे वाजवतो. आमच्यात कागद बघून कुणी वाजवत नाही. गाणं कानानं उचलायचं. इरफानचा कान असा, की नवं गाणं मोबाईलवर एकदा ऐकलं की दुसऱ्यांदा तो वाजवूनच दाखवतो. तसा कान युसूफचाही नव्हता. माझाही नाही, आणि मी हे सहसा कुणापुढे कबूल करत नाही.

त्या मिरवणुकीच्या दोन दिवस आधी त्याचे गाल सुजले होते. कानाच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्यात, दोन्हीकडे. मला त्यात नवल वाटलं नाही. कुठल्याही बँडवाल्याला वाटलं नसतं. लग्नसराईत रोज तासन्‌तास फुंकलं की कधीकधी हवा उलटी गालातल्या लाळेच्या गाठीत शिरते आणि तिथे फुगवटा येतो. आम्ही त्याला ‘गाल भरले’ म्हणतो. तव्यावर मीठ गरम करायचं, फडक्यात बांधून शेकायचं, एक दिवस फुंकायचं नाही. बस. माझे स्वतःचे गाल कितीतरी वेळा भरलेत. मी इरफानला तेच सांगितलं, त्यानं तेच केलं, आणि एक दिवस सोडून तो वाघोलीला उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या आईचा, शमीमभाभीचा फोन आला.

“भाऊ, जरा येऊन जाता का? इरफान काही खात नाही. पाणी दिलं तरी बाहेर टाकतोय.”

गेलो. खोलीत अंधार. खिडकीवर चादर लावलेली. इरफान कुशीवर पडलेला, दोन्ही हातांनी डोकं धरून. अंगाला हात लावला तर तापलेलं.

“मान पण अकडलीय त्याची,” भाभी म्हणाली. “बाजारामागे तो मान बसवणारा आहे ना, त्याच्याकडे नेऊ का?”

माझ्याही मनात तेच आलं होतं. ट्रम्पेटवाल्याच्या मानेत लचक भरते, तोही धंद्यातलाच प्रकार. मी म्हणालो, “ऊठ रे. नेतो तुला, एका झटक्यात मोकळी करतो तो.”

इरफान डोळे न उघडता पुटपुटला, “मास्तर, हळू बोला. आवाज टोचतोय.”

ढोलाच्या शेजारी झोप काढणारं हे पोरगं. त्याला माझा आवाज टोचत होता. आमच्या धंद्यात गाल भरतात, ओठ फाटतात, माना धरतात. आवाज कुणाला टोचत नाही. मान बसवणारा राहिला बाजूला, मी रिक्षा बोलावली.

गल्लीच्या तोंडाशी आमचे नेहमीचे डॉक्टर आहेत. त्यांनी इरफानला बसवलं आणि म्हणाले, “हनुवटी छातीला लाव.” लागेना. चार बोटं अंतर राहिलं आणि तो कळवळला. डॉक्टरांनी मला विचारलं, “मास्तर, रिक्षा सोडली का?”

“नाही.”

“सोडू नका. असेच मोठ्या हॉस्पिटलला जा. मी चिठ्ठी देतो.”

“साधी मान तर आहे.”

“मान साधी नाहीये. जा.”

मोठ्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत होते, मीही म्हणालो. त्यांनी त्याचे पाय उचलून बघितले, मान उचलून बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली तसा तो ओरडला. अंगावर पुरळ आहे का पाहिलं. त्याला स्वतःचं नाव, वार, गाव विचारलं. त्यानं नीट सांगितलं. लगेच सलाईन लावलं, त्यातून औषधही सुरू केलं. मग आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, “मेनिंजायटिस वाटतोय. मेंदूच्या आवरणाला सूज.”

भाभी मटकन खाली बसली. मेंदू हा शब्द ऐकला की माणूस पुढचं ऐकत नाही.

मी ऐकलं. ऐकणं हाच माझा धंदा. मी म्हणालो, “आवरण म्हणजे वाद्याला खोळ असते तसं का?”

“तसंच समजा. मेंदू आणि पाठीच्या कण्यातली दोरी, दोन्हींवर मिळून एक खोळ असते. ती सुजलीय.”

“म्हणजे वाद्य शाबूत आहे.”

मॅडम किंचित हसल्या. “आत्ता तरी तसंच दिसतंय. पण ही सूज कशानं आलीय ते कळायला हवं. बॅक्टेरियानं आली असेल तर ती जीवघेणी असते, त्यात एकेक तास महत्त्वाचा. म्हणून कशाचीही वाट न बघता मी अँटिबायोटिक चालू केलंय. व्हायरसनं, म्हणजे विषाणूनं आली असेल तर बहुतेक माणसं आपोआप बरी होतात. त्यावर अँटिबायोटिकचा उपयोगच नसतो. वरून दोन्ही सारखेच दिसतात. ताप, डोकेदुखी, उलटी, उजेड नको, मान ताठ. फरक कळतो तो आतल्या पाण्यातून. पाठीत सुई घालून ते थोडं काढावं लागेल.”

भाभी खालून ताडकन उठली. “नाही. पाठीत सुई नाही. आमच्या शेजारणीच्या दिराला घातली, तो लंगडा झाला.”

“अहो, तो आजारानं झाला असेल. सुईनं नाही,” मॅडम म्हणाल्या.

“नाही म्हणजे नाही. भाऊ, तुम्ही सांगा त्यांना.”

आता सांगायचं म्हणजे काय सांगायचं? मला तरी कुठे माहीत होतं? पण मला न समजता मान डोलवता येत नाही. मी मॅडमना म्हणालो, “मी अडाणी माणूस आहे, पण हट्टी आहे. सगळं विचारणार.”

“विचारा. लवकर विचारा.”

“किती पाणी काढणार?”

“चमचाभर.”

“मेंदूचं पाणी काढलं तर मेंदू सुकेल.”

“सुकत नाही. शरीर ते पाणी रोज नवीन तयार करतं.”

“सुई दोरीला लागली तर?”

मॅडमनी माझ्या कमरेवर बोट ठेवलं. “दोरी इथं वर संपते. सुई त्याच्या खाली घालतो. तिथे पाणी असतं आणि सुटे धागे असतात, ते बाजूला सरकतात. नंतर डोकं दुखू शकतं, कंबर दुखू शकते. लंगडा होण्याची भीती मनातून काढा.”

“आणि नाहीच काढलं तर?”

“तर मी अंदाजानं औषध देत राहीन. आणि तुम्ही अंदाजानं बसून राहाल.”

अंदाजानं वाजवणारा माणूस मी बँडमध्ये ठेवत नाही. भाभीला काय सांगावं याचे शब्द जुळवत होतो, तेवढ्यात पलंगावरून इरफानच म्हणाला, “अम्मी, काढू दे त्यांना. डोकं फुटतंय माझं. कुणीतरी काहीतरी करा.” सही त्यानंच केली. तो सज्ञान, त्याचं तोच ठरवणार. भाभीनं त्याच्याकडे पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून पुटपुटत राहिली.

सुई झाली. वाट बघणं सुरू झालं. मला बसवत नव्हतं. हॉस्पिटलचा बाक, जिना, चहाची टपरी, पुन्हा बाक. पायाला चाकं लागल्यासारखा मी फिरत होतो. बँडमध्ये गाणं बिघडलं तर मी हात वर करून थांबवतो आणि पहिल्यापासून घेतो. इथे हात वर करून काय थांबवायचं होतं?

शेवटी मॅडम बाहेर आल्या. “पाण्यात बॅक्टेरियाची लक्षणं नाहीत. व्हायरसचंच दिसतंय. पूर्ण रिपोर्ट येईपर्यंत औषध चालू ठेवते, मग बंद करू. आता मला सांगा, याचे गाल कधी सुजले?”

“ते फुंकून सुजलेत,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

मी धंद्यातली सूज समजावून सांगितली. मॅडमनी मन लावून ऐकलं. मग म्हणाल्या, “तशी सूज येते, खोटं नाही. पण ती दाबली की आत हवा कुरकुरते. आणि ती ताप घेऊन येत नाही. याला सूज आली तेव्हा ताप होता?”

मी भाभीकडे बघितलं. भाभी म्हणाली, “होता. मी म्हटलं दगदगीचा असेल.”

“मग हे गालगुंड आहे. रक्त तपासून खात्री करून घेऊ. मेंदूच्या आवरणाला सूज आणणारे व्हायरस बरेच असतात. सगळ्यात जास्त ते पोटातले, न धुतलेल्या हातांनी पसरणारे. गालगुंडाचा व्हायरस त्यांतलाच एक. तो लाळेतून पसरतो. याच्या आसपास कुणाला झालं होतं का?”

भाभीच्या चाळीत चार पोरं गाल सुजून घरी बसली होती. इरफान त्यांना मोबाईलवर गाणी लावून द्यायचा. पोरं मांडीवर बसायची, त्याच्याच बाटलीनं पाणी प्यायची. लहानपणी याची लस दिली होती का, हे भाभीला आठवेना.

मी मुद्द्याचं विचारलं. “मॅडम, ही मेंदूची सूज एकाची दुसऱ्याला लागते का?”

“सूज लागत नाही. व्हायरस लागतो. शंभर जणांना तो लागला तरी बहुतेकांचे फक्त गाल सुजतात, काहींना तेवढंही होत नाही. एखाद्याचाच मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो. इरफानच्या नशिबी तो आला. याच्या उष्ट्या ग्लासातून कुणी प्यायलं का?”

“ग्लासाचं सोडा,” मी म्हणालो. “आमच्याकडे माऊथपीस एकच.”

त्याचा अर्थ कळायला मॅडमना थोडा वेळ लागला. कळल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. “एकाच्या तोंडातला दुसऱ्याच्या तोंडात?”

“बाहीला पुसून.”

“बाहीला पुसून,” त्या तेवढंच म्हणाल्या.

मला लहानपणीच गालगुंड होऊन गेलं होतं, ते पुन्हा सहसा होत नाही, म्हणून माझी काळजी नव्हती. प्रश्न संतोषचा होता. मॅडम म्हणाल्या, त्याला लागलं असेल तर दोन-तीन आठवड्यांनी दिसेल. आणि गाल सुजण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच तो दुसऱ्याला द्यायला लागेल. सुजल्यावर पाच दिवस त्यानं घरीच बसायचं.

हडपसरला आमच्या तालमीच्या खोलीवर गेलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली. साईडवाला, म्हणजे छोटा ड्रम वाजवणारा, दारातूनच म्हणाला, “मास्तर, इरफानला मेंदूचा रोग झालाय म्हणं. हवेतून येतो का वो त्यो?”

“तुला नाही होणार. त्याला मेंदू लागतो.”

दुसरा म्हणाला ट्रम्पेट विकून टाका. तिसरा म्हणाला इरफान आता भ्रमिष्ट होणार. मी सगळ्यांना बसवलं आणि मॅडमनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं. सूज लागत नाही, व्हायरस लागतो. ट्रम्पेट विकायचं नाही, धुवायचं. मग गरम पाण्यात साबण घालून त्यांच्यासमोर माऊथपीस धुतला आणि दुसऱ्याच दिवशी संतोषला त्याचा वेगळा आणून दिला. संतोष एवढंसं तोंड करून सारखा आपले गाल चाचपत होता.

“दुखतंय?” मी विचारलं.

“नाय. पण दुखंल असं वाटतंय.”

आता पुढची सुपारी. आमच्यात सुपारी म्हणजे ठरलेलं काम. खराडीच्या काळेसाहेबांच्या मुलाचं लग्न नेमकं त्या दोन-तीन आठवड्यांत पडत होतं. इरफान पलंगावर, ट्रम्पेटला एकटा संतोष. घेतलेली सुपारी मी आयुष्यात सोडलेली नाही. पण लग्नात पन्नास पोरं बँडला चिकटून नाचतात, म्हातारी माणसं, गरोदर बायका असतात, आणि बँडवाला त्यांच्या तोंडावर फुंकत असतो. फोनवर सांगायची गोष्ट नव्हती. मी काळेसाहेबांच्या ऑफिसच्या गेटवर गेलो, सगळं सांगितलं आणि सुपारी सोडतो म्हणालो.

“संतोषला काही झालंय का, मास्तर?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग घाबरताय कशाला?”

“झालं तर आधी कळत नाही. हीच अडचण आहे.”

“अहो, गालगुंड ते! आम्हाला नाही का झालं लहानपणी?”

“तुम्हाला झालं. तुमच्या पाहुण्यांना सगळ्यांना झालंय का, ते पत्रिकेत छापलंय?”

साहेब चिडले. “ऐनवेळी असं करता. मी डीजे सांगतो.”

“सांगा. डीजेला गालगुंड होत नाही.”

परत येताना बसमध्ये माझंच डोकं फिरलं होतं. डीजे हा शब्द माझ्या तोंडून कुणा गिऱ्हाइकाला सुचवण्यासाठी निघेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला पायरी चढू दिली नसती.

काळ्यांच्या लग्नाच्या दिवशी संतोष घरी डावा गाल धरून बसला होता. ताप आला, सूज आली, आठवड्यात उतरली. डोकं नाही, मान नाही, काही नाही. तोच व्हायरस, तेच ट्रम्पेट. एकाला हॉस्पिटल आणि एकाला घरचा पलंग. असं का, हे मी मॅडमना विचारलं. म्हणाल्या, “नक्की सांगता येत नाही.” डॉक्टर असं म्हणाला की माझा त्याच्यावरचा विश्वास वाढतो.

इरफान त्याच्या बराच आधी हॉस्पिटलात सुधारायला लागला होता. रिपोर्ट आले, अँटिबायोटिक बंद झालं. सलाईन, तापाची आणि डोकेदुखीची गोळी, विश्रांती, एवढंच उरलं. भाभीला पटेना. “औषध बंद केलं आणि म्हणतात बरा होतोय!” पण खरंच होत होता. आधी उलटी थांबली, मग ताप उतरला, मग एका दुपारी त्यानं स्वतःच खिडकीचा पडदा सरकवला. भाभीनं डोळ्याला पदर लावला.

मी त्याच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसलो होतो. म्हणालो, “उद्या घरी सोडतायत. भाभीनं बिर्याणी करायला सांगितलीय शेजारणीला.”

तो पुढे बघत राहिला.

“बिर्याणी म्हणतोय मी.”

तो वळला. “काय म्हणालात? मास्तर, या बाजूनं तुम्ही लांबून बोलल्यासारखं वाटतंय. कालपासून शिट्टी वाजतेय कानात.”

मी त्याच्या डाव्या कानाजवळ चुटकी वाजवली. त्याचा चेहरा हलला नाही. उजव्या कानाजवळ वाजवली. हलला.

मॅडम आल्या. त्यांनी लपवलं नाही. गालगुंडाचा व्हायरस कधीतरी, फार क्वचित, आतल्या कानाला इजा करतो, बहुतेक वेळा एकाच बाजूला. मेंदूच्या आवरणाची सूज पूर्ण बरी होते, पण कानाचं तसं सांगता येत नाही. थोडंफार परत येतं, किंवा येत नाही. कानाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि तेही म्हणाले की देऊन बघतो, खात्री नाही.

कान तपासायला एक काचेची बंद खोली असते. आत माणूस कानाला यंत्र लावून बसतो. बाहेरून बारीक आवाज सोडतात, ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. मी काचेतून बघत होतो. उजव्या कानाला तो सारखं बटण दाबत होता. मग बाहेर बसून आवाज सोडणाऱ्या बाईंनी बाजू बदलली. इरफान बसून राहिला. हात बटणावर, डोळे मिटलेले, कपाळाला आठ्या. नवं गाणं उचलताना तो असाच बसतो. बाई आवाज वाढवत होत्या हे मला त्यांच्या हातावरून दिसत होतं. शेवटी एकदा त्यानं बटण दाबलं. बाहेर आला तेव्हा म्हणाला, “मला वाटतं ते ऐकू नाही आलं. हादरा जाणवला.”

उजवा कान पूर्ण चांगला. डावा जवळजवळ गेलेला.

घरी आल्यावर तो महिनाभर नुसता पडून होता. जिना चढला की दम लागायचा, मोबाईल बघितला की डोकं चढायचं. पार्सलवाल्यांनी दुसरा माणूस घेतला. चाळीतले लोक म्हणायला लागले, बरा झालाय ना मग झोपतो कशाला. मॅडमनी आधीच सांगितलं होतं की हा थकवा आठवडेच्या आठवडे राहतो, तो आळस नाही. ते मी प्रत्येकाला सांगत फिरलो. काहींना नीट सांगितलं. काहींना माझ्या पद्धतीनं सांगितलं.

मग एका संध्याकाळी तो आपण होऊन तालमीच्या खोलीवर आला. मागोमाग भाभी. “भाऊ, याला वाजवू देऊ नका. उरलेला पण जाईल.”

“तो फुंकून गेलेला नाही भाभी. व्हायरसनं गेलाय. मी विचारून आलोय. फुंकायला हरकत नाही म्हणाले, फक्त ढोलाच्या अगदी जवळ उभा करू नका आणि चांगल्या कानात बोळा घाला.”

इरफाननं मी त्याच्यासाठीही आणून ठेवलेला नवा माऊथपीस ट्रम्पेटला लावला. पहिला सूर फाटला, दुसरा लागला. मी हात खाली घेतला आणि बँड सुरू झाला. सूर बरोबर होते. पण तो ठेक्याच्या केसभर मागे पडत होता. पुन्हा घेतलं, पुन्हा मागे. तिसऱ्यांदा त्यानं ट्रम्पेट खाली घेतलं.

“नाही जमत मास्तर. ढोल कुठून येतोय तेच कळत नाही. संतोषलाच पहिला करा.”

ट्रम्पेटवाला आमच्यात रांगेच्या उजव्या टोकाला उभा राहतो आणि ढोल-साईड त्याच्या डावीकडे मागे. कुणी ठरवलं माहीत नाही. वस्तादानं मला असंच उभं केलं, मी सगळ्यांना असंच उभं केलं. रांगेतून कुणी पाऊलभर सरकला तर मी शिव्या घालतो.

मी म्हणालो, “ढोल, उजव्या अंगाला या. साईड, तूही. झांज मागे. इरफान डाव्या टोकाला. सगळा बँड त्याच्या उजव्या हाताला आला पाहिजे.”

ढोलवाला म्हातारा, माझ्याच वयाचा. म्हणाला, “मास्तर, जलम गेला या बाजूला वाजवून. आता उलटं चालायचं व्हय? आमाला चुकल्यावाणी व्हतंय.”

“तुझे दोन्ही कान शाबूत आहेत ना?”

“हायेत की.”

“मग तू फिर.”

ते फिरले. कुरकुरत फिरले, पहिले दोन दिवस एकमेकांच्या पायात आले, झांजवाला दोनदा भिंतीला धडकला. पण इरफानचा ठेका जागेवर आला. नवं गाणं उचलायला आता त्याला चार-पाचदा ऐकावं लागतं. गर्दीत कुणी डावीकडून हाक मारली तर कळत नाही, मग लोक म्हणतात माजलाय. कान परत आलेला नाही. डॉक्टर म्हणतात आता येणारही नाही.

पुढच्या सराईत पहिलीच सुपारी होती, हडपसरमधल्याच एका कार्यालयाची. तिथला मॅनेजर मला कित्येक वर्षं ओळखतो. बँड दारातून आत वळला तसा तो बघतच राहिला.

“मास्तर, आज तुमचा बँड उलटा का चालतोय?”

“आमच्यात असाच चालतो,” मी म्हणालो आणि पुढच्या गाण्यासाठी हात वर केला.

गिऱ्हाइकाला सगळं सांगत बसायचं नसतं. तुम्हाला सांगितलं, कारण डॉक्टर ‘बरा झाला’ म्हणतात ते आजारापुरतं असतं. त्यापुढचं त्यांच्या हातात नसतं. त्यासाठी घरच्यांना आणि कामावरच्यांना थोडं सरकून उभं राहावं लागतं. सरकताना कुरकुर केली तरी चालते. आमच्या ढोलवाल्याची अजून चालू आहे.